गळ्यातली पाटी



पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. आणि आधीच सांगते, थोडी बोचेल. लिहिताना मलाही बोचली आहे.

२८ मे २०२५ ला अमेरिकेत, जॉर्जियामध्ये, एक ८७ वर्षांचा लेखक वारला. न्गुगी वा थिओंगो. केनियाचा. दर वर्षी नोबेलच्या वेळी ज्याचं नाव निघायचं आणि मिळायचं मात्र दुसऱ्याच कुणाला, तो. त्या आठवड्यात त्याची मातृभाषेबद्दलची वाक्यं सगळीकडे फिरत होती. आपल्याही ग्रुपांवर आली. सूर्यास्ताचा फोटो, त्यावर वाक्य, खाली हात जोडलेले. मीही पुढे पाठवलं. आणि त्याच संध्याकाळी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला जेवायला हाक मारली ती इंग्रजीत.

मग मला माझीच लाज वाटली आणि मी तो माणूस नीट वाचायला घेतला. इथे यॉर्कशरमध्ये आमच्या घरापासून लीड्स फार लांब नाही. साठच्या दशकात न्गुगी तिथल्या विद्यापीठात शिकत होता, त्याची एक गाजलेली कादंबरी तिथेच लिहून झाली. एवढ्या जवळचा धागा असून मला त्याचं एक फॉरवर्ड केलेलं वाक्य सोडून काहीही माहीत नव्हतं.

तर गोष्ट अशी.

१९३८ साली लिमुरूजवळच्या कामिरिथू गावात हा जन्मला. वडिलांच्या चार बायका, मुलांचा गोतावळा. संध्याकाळी शेकोटीभोवती गोष्टी चालायच्या, शेतावर कामं चालायची, सगळं गिकुयू भाषेत. शाळेतली पहिली चार वर्षंही गिकुयूतच. घरची भाषा, शेतातली भाषा आणि शाळेतली भाषा एकच.

मग १९५२ मध्ये इंग्रज सरकारने आणीबाणी लावली. माऊ माऊंचा लढा सुरू होता. गावकऱ्यांच्या शाळा सरकारने ताब्यात घेतल्या आणि इंग्रजी आली. शाळेच्या आवारात कुणी गिकुयू बोलताना सापडला तर छड्या. नाहीतर गळ्यात पत्र्याची पाटी: ‘मी मूर्ख आहे’, ‘मी गाढव आहे’. पकडायची पद्धत तर बघा. सकाळी एका मुलाच्या हातात एक बटण द्यायचं. जो कुणी मातृभाषेत बोलताना सापडेल त्याच्याकडे ते सरकवायचं. संध्याकाळी ज्याच्याकडे बटण निघेल त्याने आपल्याला ते कुणी दिलं हे सांगायचं, मग त्याने त्याच्या आधीच्याचं नाव सांगायचं. म्हणजे मुलांनीच मुलांची चुगली करायची. मास्तरांना काही करावंच लागत नव्हतं.

न्गुगीने आणखी एक आठवण लिहून ठेवली आहे. त्याच्या शाळेतल्या एका मुलाला परीक्षेत सगळ्या विषयांत उत्तम गुण मिळाले, फक्त इंग्रजीत तो नापास झाला. म्हणजे अख्खा नापास. पुढे तो एका बस कंपनीत गाडीवर पोऱ्या म्हणून कामाला लागला. न्गुगीचे बाकीचे गुण त्याच्यापेक्षा कमी होते, पण इंग्रजी चांगलं होतं. त्याला देशातल्या नामांकित ॲलायन्स हायस्कूलमध्ये जागा मिळाली. तिथलं पहिलं सत्र संपवून सुट्टीला घरी आला तर गावच जागेवर नव्हतं. इंग्रजांनी वस्ती पाडून लोकांना दुसरीकडे हलवलं होतं.

इथपर्यंत वाचताना आपल्याला सोयीचं वाटतं, नाही का? वाईट इंग्रज, बिचारी मातृभाषा. आपण हळहळतो आणि पुढच्या पोस्टकडे वळतो.

थांबा. आता मला सांगा, आपल्या मुलांच्या गळ्यात ही पाटी कोण घालतं?

माझ्या मुलाला शाळेत मराठी बोलला म्हणून कुणी छडी मारली नाही. उलट रिसेप्शनच्या वर्गात त्याच्या बाईंनी मला आपुलकीने विचारलं होतं, घरी कुठली भाषा बोलता? मी काय उत्तर दिलं माहितीये? ‘बहुतेक इंग्रजीच.’ आणि खोटं कशाला बोलू, सांगताना मान जरा ताठ झाली होती. मला वाटलं, आता त्या मुलाला मागे टाकणार नाहीत.

दुसरा प्रसंग. तो पाच वर्षांचा होता. आपल्याच लोकांचा जमाव, पॉटलक, वीस-बावीस माणसं. खेळून आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “आई, मी दमले.” हशा पिकला. “अगं बाई, मुलगी झालास का रे?” कुणीतरी त्याला ते परत म्हणायला लावलं, व्हिडिओ काढायला. मीसुद्धा हसले. त्या वेळी माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की तो असं बोलतो कारण तो दिवसभर माझंच ऐकतो. मी दमले, मी आले, मी जाते. पोरगं मराठी माझ्या तोंडून शिकलं होतं, अगदी बरोबर शिकलं होतं.

त्यानंतर तो चारचौघांत मराठी बोलायचा थांबला. मग हळूहळू घरीही. आता व्हिडिओ कॉलवर आजी विचारते, “काय रे, जेवलास का?” तो इंग्रजीत दोन शब्द बोलतो आणि फोन माझ्या हातात देतो. मागच्या वेळी आई मला म्हणाली, “तो माझ्याशी बोलत नाही की त्याला मी कळतच नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या दिवशी कुणी पाटी लिहिली नव्हती. छडी नव्हती, साहेब नव्हता. आम्ही वीस-बावीस मराठी माणसं होतो. आपापसांत बटण फिरवत होतो.

आणि आपण हे फक्त मुलांशीच करतो असं नाही. माझ्या सासूबाई विदर्भातल्या, मी पुण्याची. त्या इथे तीन महिने राहून गेल्या तेव्हा मुलगा त्यांच्यासारखं बोलायला लागला. आणि मी, मराठीची मोठी कैवारी, त्याला म्हणाले, “असं नाही बोलायचं, ते बरोबर नाही.” वर्षभरात मिळाली नव्हती एवढी मराठी त्याला त्या तीन महिन्यांत मिळत होती, आणि मी ती खोडत बसले. न आणि ण वरून आपण आपल्याच माणसांना किती वेळा गप्प केलंय, हिशेब करा. मग म्हणायचं, मराठी कुणी बोलत नाही!

आता याच्या शेजारी कामिरिथूची पुढची गोष्ट ठेवा.

न्गुगी मोठा लेखक झाला. १९६२ मध्ये युगांडात, मकेरेरेला आफ्रिकी लेखकांची एक परिषद भरली, ‘इंग्रजीतून लिहिणाऱ्या’ लेखकांची. न्गुगी तेव्हा विद्यार्थी होता, इंग्रजीत छापलेल्या दोन कथांच्या जोरावर आत. स्वाहिलीतला मोठा कवी शाबान रॉबर्ट किंवा योरुबातला कादंबरीकार फागुन्वा यांना मात्र त्या नावातच जागा नव्हती. हे त्याला पुढे फार लागलं. तिथेच त्याने आपलं हस्तलिखित चिनुआ अचेबेंना वाचायला दिलं. १९६४ मध्ये ते पुस्तक आलं आणि मग इंग्रजी कादंबऱ्या येत गेल्या. १९६८ मध्ये नैरोबी विद्यापीठात त्याने आणि दोन सहकाऱ्यांनी लेखी मागणी केली: इंग्रजी विभाग बंद करा, आफ्रिकेचं साहित्य मध्यभागी ठेवा, बाकीचं त्याच्याभोवती. जेम्स न्गुगी हे बाप्तिस्म्याचं नावही त्याने टाकून दिलं.

पण त्याच्या आईला त्याची पुस्तकं वाचता येत नव्हती. ज्या शेतकऱ्यांबद्दल तो लिहीत होता त्यांनाही नाही.

मग १९७७ साल. कामिरिथूच्या गावकऱ्यांनी त्याला आणि न्गुगी वा मिरीला नाटक लिहायला सांगितलं. दोघांनी गिकुयूत संहिता लिहिली आणि गावात वाचून दाखवली. आणि गावकऱ्यांनी काय केलं? प्रोफेसरसाहेबांची भाषा दुरुस्त केली! म्हातारा माणूस असं बोलत नाही, या वयाची बाई हा शब्द वापरणार नाही, गाणं असं नसतं. ज्यांना अक्षर येत नव्हतं ते लोक विद्यापीठाच्या विभागप्रमुखाला त्याची मातृभाषा शिकवत होते. कुणी हसून त्याचा व्हिडिओ काढला नाही. चूक सांगायची आणि काम पुढे न्यायचं. दोन हजार माणसं बसतील असं उघडं नाट्यगृह गावानेच बांधलं.

ऑक्टोबरमध्ये नाटक सुरू झालं. साधारण सहा आठवड्यांत सरकारने परवाना काढून घेतला. डिसेंबरअखेर न्गुगीला उचललं आणि कामितीच्या कडेकोट तुरुंगात टाकलं. खटला नाही, आरोपपत्र नाही, वर्षभर.

यातली गंमत बघा. त्याच वर्षी त्याची एक इंग्रजी कादंबरी आली होती. तीही सत्ताधाऱ्यांवर तितकीच कडक. तिच्यासाठी त्याला कुणी हात लावला नाही. इंग्रजीत बोललास तर चार शिकलेले वाचतील आणि विसरतील. गिकुयूत बोललास तर चहाच्या मळ्यातला मजूर ऐकेल. भाषेत ताकद कुठे असते हे सरकारला बरोबर कळलं होतं. आणि हे सरकार इंग्रजांचं नव्हतं. केनिया १९६३ मध्येच स्वतंत्र झाला होता. साहेब गेला, पाटी तशीच राहिली, फक्त धरणारे हात बदलले.

तुरुंगात त्याने ठरवलं, यापुढे कादंबरी गिकुयूतच. कागद नव्हता, म्हणून तुरुंगातल्या खरखरीत टॉयलेट पेपरवर लिहिली. झडतीत ते कागद जप्त झाले, नंतर परत मिळाले. १९८० मध्ये ती छापून आली. पहिल्या आवृत्तीच्या पाच हजार प्रती महिन्याभरात संपल्या. घराघरांत, बसमध्ये, दारूच्या गुत्त्यांतही ती मोठ्याने वाचली जायची. गुत्त्यातला वाचणारा म्हणे ऐन रंगात थांबायचा, पेला भरला की मग पुढे.

१९८२ मध्ये पोलिसांनी कामिरिथूचं नाट्यगृह जमीनदोस्त केलं. न्गुगी तेव्हा लंडनमध्ये होता. परत गेलास तर अटक, असा निरोप आला आणि तो बावीस वर्षं देशाबाहेर राहिला. तिथून लिहिलेल्या त्याच्या दुसऱ्या गिकुयू कादंबरीचा नायक मातिगारी. हा मातिगारी गावोगाव प्रश्न विचारत फिरतोय अशी कुजबुज सुरू झाली, तर सरकारने त्याला पकडायचा हुकूम सोडला. कादंबरीतला माणूस तो! कळल्यावर पुस्तकंच दुकानांतून उचलून नेली. २००४ मध्ये तो मायदेशी गेला तेव्हा राहत्या जागी घुसून त्याच्यावर आणि त्याच्या बायकोवर हल्ला झाला. तरी लिहिणं थांबलं नाही आणि भाषाही बदलली नाही. २०२१ मध्ये इंटरनॅशनल बुकरच्या लांब यादीत त्याचं पुस्तक आलं, मूळ गिकुयूतलं, भाषांतरही त्याचंच.

आता आपल्याकडे या. त्याने गिकुयूला कामाला लावलं. तुरुंगात, नाटकात, राजकारणात, शिव्यांत, विनोदात. आपण मराठीला काय काम दिलंय? मोदक, आरती, मंडळाच्या कार्यक्रमात दोन ओळींचं निवेदन, आणि मुलांवर ओरडणं. पैठणीसारखी कपाटात ठेवली आहे. सणाला काढायची, फोटो काढायचा, घडी करून परत आत. रोजच्या वापराला इंग्रजी. मुलं मूर्ख नाहीत. पैशांचं बोलणं इंग्रजीत, नोकरीची काळजी इंग्रजीत, शाळेतल्या भांडणावर खल इंग्रजीत, आणि ‘पाया पड’ मराठीत. त्यांना कळतं कुठली भाषा खरी आणि कुठली देखाव्याची.

नेहमीची उत्तरं मला तोंडपाठ आहेत, मीच ती वर्षानुवर्षं दिली आहेत.

“मूल गोंधळतं.” केनियात शाळकरी पोर घरची एक भाषा, बाजारात स्वाहिली आणि वर्गात इंग्रजी घेऊन वावरतं. आपण स्वतः मराठी, हिंदी, इंग्रजी घेऊनच मोठे झालो. आपण गोंधळलो का?

“शनिवारच्या मराठी शाळेत घातलंय.” चांगलं केलंत. तिथे शिकवणारे लोक पदरमोड करून शिकवतात, त्यांना माझा नमस्कार. पण आठवड्याला दोन तास दुसऱ्याकडे सोपवून बाकीचे सगळे तास आपण काय करतो?

“पण इंग्रजीशिवाय कसं चालेल?” चालणार नाहीच, आणि कोण म्हणतंय सोडा? न्गुगी कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षं इंग्रजीत शिकवत होता. आठवणींची पुस्तकं त्याने इंग्रजीत लिहिली. त्याचं भांडण इंग्रजीशी नव्हतं, क्रमाशी होतं. आपली भाषा पायात ठेवून जगातल्या बाकीच्या भाषा जोडा, तुम्ही श्रीमंत होता. आपली टाकून बाकीच्या घ्या, तुम्ही चाकर होता. अचेबेंचं मत वेगळं होतं. इंग्रजी वाकवून आफ्रिकेचं बनवता येतं असं ते म्हणायचे, आणि त्यांनी तसं करूनही दाखवलं. दोघांचा वाद खरा आणि वजनदार होता. पण अचेबेंची इंग्रजी वाकली, कारण तिच्याखाली इग्बो होती. आपल्या मुलांच्या इंग्रजीखाली आपण काय ठेवतोय?

“त्याची स्वतःची मुलंसुद्धा इंग्रजीत लिहितात!” हो. हे सगळ्यात खणखणीत उत्तर आहे आणि ते खरं आहे. त्याची मुलंही लेखक आहेत आणि त्यांचं बरंचसं लेखन इंग्रजीत आहे. म्हणूनच मी त्याला देव्हाऱ्यात बसवत नाहीये. त्याच्याच एका मुलाने, मुकोमाने, २०२४ मध्ये जाहीरपणे लिहिलं की वडील आपल्या आईला मारायचे. मोठा लेखक म्हणजे आदर्श बाप नव्हे. पण मुलांच्या भाषेचा मुद्दा मला असा दिसतो: एवढ्या जिद्दीच्या माणसालाही एकट्याने भाषा पुढच्या पिढीत नेता आली नाही, कारण भाषा एका घराने टिकत नाही. वाचणारे लागतात, छापणारे लागतात, आजूबाजूला बोलणारे लागतात. हाच मुकोमा आफ्रिकी साहित्यासाठीच्या एका स्वाहिली पुरस्काराच्या संस्थापकांपैकी आहे. बापाचं म्हणणं त्याला पटलं नसतं तर हे केलं असतं का?

म्हणजे प्रश्न तुमच्या-माझ्या एकेका घराचा नाही. त्या पॉटलकच्या खोलीचा आहे.

म्हणून माझं मागणं असं आहे. दुसऱ्याच्या मुलाच्या मराठीवर हसू नका. एकदाही नाही, लाडानेही नाही. चुकलं तर बरोबर वाक्य सहज बोलून दाखवा आणि पुढे चला, कामिरिथूच्या गावकऱ्यांसारखं. घरात एक तरी खरा विषय मराठीत आणा: गहाणाचा हप्ता, बाबाची नोकरी, आजोबांचं आजारपण, बातम्यांतलं युद्ध. आजी ज्या बोलीत बोलते त्याच बोलीत तिला बोलू द्या, नातवाला ती तशीच उचलू द्या. शाळेने घरची भाषा विचारली तर मराठी म्हणून लिहा, आणि मग ते खरं करा. आणि ज्यांना लिहिता येतं त्यांनी इथल्या आयुष्याबद्दल मराठीत लिहा. डोंबिवलीच्या आठवणी खूप झाल्या. लीड्सच्या बसबद्दल, स्लाऊच्या दुकानाबद्दल, दुबईच्या लेबर कॅम्पबद्दल, एडिसनच्या पार्किंगबद्दल लिहा. मुलांना स्वतःचं जग ज्या भाषेत कधी सापडतच नाही, ती भाषा त्यांनी का वाचावी?

न्गुगीकडे कागद नव्हता. आपल्याकडे सगळं आहे. आपल्याला कुणी तुरुंगात टाकत नाही. म्हणून तर आपल्याला सबबच उरत नाही.

माझ्या घरी काय झालं? फार काही नाही. परवा तो फुटबॉल खेळून आला, सोफ्यावर पडला आणि अगदी हळू, जवळजवळ स्वतःशीच म्हणाला, “मी दमले.” चार वर्षांनी. मी हसले नाही. म्हटलं, “बस मग. मीपण दमलेय. आता बाबा येईल ना, तो म्हणेल, मी दमलोय.” त्याने इंग्रजीत विचारलं, असं वेगळं का? मी उत्तर मराठीत दिलं. बरंच लांबलं. तो शेवटपर्यंत ऐकत होता.

पटलं तर तुमच्या घरचा अनुभव लिहा. नाही पटलं तर जरूर भांडा. फक्त मराठीत भांडा. आणि शुद्धलेखन कुणी काढायचं नाही.